अठ्ठेचाळीस टॉवेल आणि चिपळूणची लाँड्री

मागच्या मे महिन्यात ठाण्याचं एक कुटुंब आमच्याकडे तीन रात्री राहून गेलं. मोदक, फणसाची भाजी, समुद्र, सगळ्याचं तोंड भरून कौतुक केलं आणि जाताना अभिप्रायाच्या वहीत शेवटी एक ओळ लिहिली : ‘टॉवेल स्वच्छ असतीलही, पण दिसत नव्हते.’

ती ओळ मला महिनाभर टोचत राहिली, कारण ती खरी होती. टॉवेल रोजच्या रोज धुतलेले, आगरातल्या दोरीवर कडक उन्हात वाळवलेले, पण रंग साय धरलेल्या दुधाचा. काठाशी तर चहा गाळायच्या फडक्याची आठवण यावी असा.

गुहागरला आमची पाच खोल्यांची घरगुती निवासाची सोय आहे. एका वेळी बारा टॉवेल लागतात. एक संच खोल्यांत, एक धुण्यात, एक कपाटात, एक अडीअडचणीला, असे चार संच, म्हणजे अठ्ठेचाळीस. ते पांढरे ठेवण्यासाठी मी गेले अकरा महिने चिपळूणच्या एका लाँड्रीत धुवायला देते आहे. हा त्या लाँड्रीचा अनुभव. नाव लिहीत नाही. पुढे तक्रारी आहेत, आणि मालकांशी आता इतकी ओळख झाली आहे की नाव छापून तक्रार करणं मला जमायचं नाही. मी त्यांना काका म्हणते, ते मला वहिनी.

लाँड्रीकडे जाण्याआधी मी घरी काय काय केलं ते सांगते, कारण वाचणाऱ्यांपैकी निम्म्या बायका आत्ता तेच करत असणार.

आधी नीळ. आमच्या सासूबाईंचा नीळेवर फार विश्वास. त्यांच्या सासऱ्यांची धोतरं नीळेवरच पांढरी राहिली. पण धोतर पातळ, ते पाण्यात हिंदकळलं की नीळ सगळीकडे सारखी बसते. टॉवेलच्या फासांत ती अडकली आणि निळसर ढग उमटले. मग ब्लीच, बाजारात मिळतं ते क्लोरीनचं. पहिल्या धुण्याला टॉवेल उजळल्यासारखे वाटले. तिसऱ्या-चौथ्या धुण्यापर्यंत पिवळे, पुढे चक्क नारिंगी व्हायला लागले. मला वाटलं ब्लीच कमी पडतंय, म्हणून वाढवलं. नारिंगी आणखी वाढलं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून सॉफ्टनर. टॉवेल सशासारखे मऊ झाले, पण पाणी टिपेनात. एका पाहुण्यांच्या सहा वर्षांच्या मुलाने आईला सांगितलं, ‘हा टॉवेल पाणी पुसत नाही, नुसतं फिरवतो.’ मी पडवीतून ऐकलं.

मध्येच वैतागून अर्धा डझन मरून टॉवेल आणले होते. दिसायलाच नको ना डाग! दोन महिन्यांत त्यांच्यावर फिकट नारिंगी ठिपके पडले. पुण्याच्या कॉलेजातल्या मुली तोंडाला मुरुमांचं मलम लावतात, त्यातलं बेन्झॉइल पेरॉक्साइड रंग खातं. पुतण्या हॉटेल मॅनेजमेंट शिकतो, तो हसून म्हणाला, ‘काकू, म्हणून तर हॉटेलात पांढरं वापरतात.’ पांढऱ्याला उडायला रंगच नसतो. सगळं एकत्र धुता येतं, गरम पाण्यात घालता येतं, ब्लीच करता येतं. १९९९ मध्ये वेस्टिन हॉटेलांनी पांढऱ्याशुभ्र बिछान्याची टूम काढली आणि तिथून सगळ्यांनीच फुलाफुलांच्या चादरी गुंडाळून ठेवल्या, हेही त्यानेच सांगितलं. असेल. आमच्या घरात टॉवेल हा प्रकारच मुळी पाहुण्यांबरोबर आला. त्याआधी सगळे पंचे. पंचा दगडावर आपटला, पिळला, तासाभरात वाळला. त्याला काय लाँड्री लागते?

तर जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आत, दोन गाठोडी गाडीत टाकून मी चिपळूण गाठलं. पंचेचाळीस किलोमीटर. महामार्गावरच्या एका ओळखीच्या हॉटेलवाल्यांचे टॉवेल मी पाहिले होते. आठ वर्षांचे जुने, पण कागदासारखे पांढरे. पत्ता त्यांनीच दिला.

मला वाटलं होतं काका कुठलीतरी पावडर दाखवतील, भाव सांगतील, पावती फाडतील. त्यांनी गाठोड्यातला एक टॉवेल उपसला, नाकाला लावला, काठ दोन बोटांत चुरगाळला आणि विचारलं, ‘पाणी विहिरीचं की नळाचं?’

विहिरीचं. जांभ्या दगडात खोदलेली, चाळीस फूट, कधी आटत नाही. मी अभिमानाने सांगितलं.

‘पुढच्या वेळी येताना त्याची एक बाटली आणा. गळ्यापर्यंत भरून, बूच घट्ट लावून.’

पुढच्या खेपेला नेली. पाणी दिसायला अगदी नितळ. काकांनी ते दोन काचेच्या ग्लासांत ओतलं. एक तसाच ठेवला, दुसऱ्यात ब्लीचचे चार थेंब टाकले. आम्ही कामाचं बोलत बसलो. पाच-सात मिनिटांनी दुसरा ग्लास कोऱ्या चहाच्या रंगाचा झाला होता.

विरघळलेलं लोह. जमिनीखाली हवा नसते तोवर ते पाण्यात गुपचूप असतं, दिसत नाही. हवा लागली की सावकाश गंजतं, ब्लीच लागलं की झटक्यात. आमच्या बादल्यांना आतून तांबूस कड येते ती याचीच. जन्मभर पाहिलेली ती कड मी माती समजत होते. काका म्हणाले, ‘लाँड्रीच्या पाण्यात लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर लोह नको. तुमचं मी मोजतसुद्धा नाही.’ आणि मग, ‘वहिनी, तुम्ही टॉवेल धूत नव्हतात, गंजवत होतात.’

या एका वाक्यासाठी मी त्यांना आयुष्यभर टॉवेल देईन.

दुसरी गोष्ट याहून गमतीची. काही टॉवेलांवर गेरूच्या रंगाचे मोठाले पट्टे होते, बहुतेक मधोमध. मी खुशाल समजत होते की पाहुणे आमच्या तांबड्या मातीत लोळून येतात आणि टॉवेलला पुसतात. तो सनस्क्रीनचा डाग. त्यातल्या बऱ्याच मलमांत अॅव्होबेन्झोन नावाचा घटक असतो. टॉवेलला लागतो तेव्हा दिसतही नाही. लोहाच्या पाण्यात धुतला की गंजासारखा उमटतो, आणि वर क्लोरीन घातलं तर पक्काच होतो. म्हणजे समुद्रावरचे पाहुणे, जांभ्यातली विहीर आणि बाजारातलं ब्लीच, तिन्ही माझ्याकडे हजर! मुंबई-पुण्याच्या पालिकेच्या पाण्यावर हे एवढं होत नाही, म्हणून शहरातल्या बहिणींचे सल्ले माझ्या उपयोगी पडत नव्हते.

काकांनी मला आत नेऊन सगळं दाखवलं. गरम वाफ, ड्रायरचा घरघराट, आणि वास म्हणाल तर कसलाच नाही. मी सुवासाची अपेक्षा केली होती. ‘वास येतो म्हणजे काहीतरी कपड्यात राहिलंय,’ काका म्हणाले.

तिथे टॉवेलच्या आधी पाणी धुतलं जातं. बोअरचं पाणी पहिल्यांदा लोह काढणाऱ्या टाकीतून जातं, मग पाण्याचा जडपणा काढणाऱ्या टाकीतून. त्या दुसऱ्या टाकीला मीठ लागतं, कोपऱ्यात मिठाची पोती रचलेली होती. मग टेबलावर निवड. तेलकट वेगळे, हळदीचे वेगळे, रक्ताचे वेगळे, काजळ-लिपस्टिकचे वेगळे. दोन बायका एवढंच काम करतात आणि त्यांचा हात बघण्यासारखा आहे. टॉवेल झटकायचा, एक नजर, फेकायचा. टॉवेलला अडकून आलेल्या वस्तू एका डब्यात टाकतात : कानातलं, केसांच्या पिना, एकदा म्हणे दाताची कवळी.

मग वजन. हे माझ्या डोक्यातच नव्हतं. माझा मोठा टॉवेल पाऊण मीटर बाय दीड मीटर, ५०० जीएसएमचा (चौरस मीटरला ५०० ग्रॅम), म्हणजे कोरडा ५६० ग्रॅम. घरचं मशीन सात किलोचं. बारा टॉवेल बरोबर पावणेसात किलो होतात, म्हणून मी आनंदाने बाराच्या बारा कोंबत होते. काका म्हणाले, सहा घाला. टॉवेल पाणी पितो, फुगतो, त्याला ढोलात वर जाऊन खाली आपटायला जागा लागते. आपटणं हेच धुणं. बारा कोंबले की ते एकमेकांना धरून गोल फिरतात आणि एकमेकांचा मळ एकमेकांना लावून बाहेर येतात. धोबी दगडावर आपटायचा त्यात हेच होतं, दगडाऐवजी आता स्टीलचा ढोल आहे.

मशीन लागलं की पहिलं पाणी गार. रक्त, दूध, अंडं यांवर एकदम कढत पाणी गेलं की डाग शिजून बसतो. ते पाणी सोडून दिल्यावर मग गरम, ६० ते ७० अंश, आणि त्यात साबणापेक्षा सोड्यासारखा क्षार जास्त. खोबरेल तेलाचं असं आहे की पंचवीस अंशांच्या खाली ते थिजतं. डिसेंबरात पहाटेच्या गार पाण्यात मी कितीही पावडर घातली असती तरी केसांचं तेल टॉवेलमधून हललं नसतं. ते तसंच राहतं, महिन्याभराने खवट होतं आणि टॉवेल ओला झाला की वास सोडतो. पाहुण्यांना वाटतं टॉवेल धुतलेला नाही. धुतलेला असतो, पण तेल आतच असतं. गरम पाण्याचा दुसरा फायदा जंतूंचा. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत चादरी-टॉवेल ६५ अंशांवर दहा मिनिटं नाहीतर ७१ अंशांवर तीन मिनिटं ठेवायचा नियम आहे. काकांकडे दवाखान्यांचंही काम येतं, त्यांनी तो छापून भिंतीवर लावलाय. शेजारी एक गोल तक्ता आहे, पोळीचे चार तुकडे केल्यासारखा : रसायन, आपटणं, उष्णता, वेळ. सिनर नावाच्या जर्मन तज्ज्ञाने १९५९ मध्ये मांडलेला. एक तुकडा लहान केला तर दुसरा मोठा करावाच लागतो. मी घरी बाकीचे तिन्ही तुकडे चिमटीएवढे ठेवून रसायनाचा डोंगर करत होते.

ब्लीच ते क्लोरीनचं जवळपास वापरतच नाहीत. हायड्रोजन पेरॉक्साइड, तेही पाणी तापल्यावर. क्लोरीन रोज वापरलं की सूत कुजतं, टॉवेल काठाशी विरायला लागतो. मात्र पेरॉक्साइडलाही लोह चालत नाही. लोहाच्या डागावर पेरॉक्साइड पडलं की तिथलं सूत जळल्यासारखं होऊन भोक पडतं. म्हणून आधी गंज काढायचा, मग पांढरं करायचं. हा क्रम चुकला की टॉवेल गेला.

पण सगळ्यात महत्त्वाचं काम शेवटच्या पाण्यात होतं, असं काका म्हणतात आणि मला ते पटलंय. तीनदा खंगाळून झालं की चौथ्या पाण्यात अगदी थोडं आम्ल. सोडा कितीही खंगाळला तरी थोडा सुतात राहतो, आणि तसाच टॉवेल गरम ड्रायरमध्ये गेला की पिवळा-करडा पडतो, खरखरीत होतो, अंगाला खाजतो. आम्ल तो सोडा मारतं. मशीनवरचा मुलगा कागदाची पट्टी पाण्यात बुडवून रंग बघतो, रंग बरोबर आला तरच मशीन उघडतो. आपण घरी काय करतो? शेवटच्या पाण्यात सॉफ्टनर ओततो, म्हणजे राहिलेल्या सोड्यावर तेलकट लेप चढवतो.

मग जोरदार पिळणं, मग ड्रायर. ड्रायर बंद करायच्या आधी दहा मिनिटं गार हवा, कारण गरम टॉवेलची चळत लावली की आत धुमसून आग लागू शकते, विशेषतः मसाजच्या तेलाचे टॉवेल असले तर. आणि घडी घालून झाल्यावर एक दिवस कपाटात विश्रांती. धुतल्या-धुतल्या परत वापरायला काढत नाहीत. चार संचांपैकी माझा तो ‘अडीअडचणीचा’ संच अडचणीसाठी नसून विसाव्यासाठी असतो हे मला तिथे कळलं.

निघताना काकांनी नोटा तपासायचा जांभळा दिवा काढून दोन टॉवेलांवर धरला. कोरा टॉवेल निळा-पांढरा लखलखला, माझा मेलेल्या माशासारखा दिसला. नव्या टॉवेलवर आणि पावडरीत चमक आणणारं द्रव्य असतं. ते उन्हातले न दिसणारे किरण पितं आणि निळा उजेड सोडतं. आपल्या डोळ्याला ते पांढऱ्याहून पांढरं वाटतं. म्हणजे सासूबाईंच्या नीळेचीच शिकलेली पणती. डाग जागच्या जागी असतो, डोळा फसतो. दुकानात कोऱ्या टॉवेलच्या पांढरेपणाला भुलायचं नाही एवढं मी तेव्हापासून पाळते.

आणि शेवटचं, जे कुठलंच हॉटेल सांगत नाही. मोठ्या हॉटेलांत पिवळा टॉवेल दिसत नाही, कारण पिवळा झाला की तो खोलीत जातच नाही. ‘कंडेम’ करतात. कापून फडकी होतात. माझ्या अठ्ठेचाळीसपैकी एकोणीस काकांनी बाजूला काढले. त्यातले आठ ऑक्झॅलिक आम्लाने वाचवले, अकरा परत हातात दिले. मी दिवसभर चिडले होते. आता त्यातल्या नऊंनी फरशी पुसली जाते, दोन मांजरीने घेतले.

अकरांच्या जागी सोलापूरहून मागवले. सोलापुरी चादरीसारखंच तिथल्या टॉवेललाही जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, आणि मानांकन नसतं तरी मी तिथूनच घेतले असते. डझनाने मिळतात म्हणून बारा आले. जास्तीचा एक आमच्या यांनी पळवला. काकांनी घेताना दोन गोष्टी बघायला सांगितल्या होत्या. काठावर नक्षीची चपटी पट्टी नको, ती आणि बाकीचा टॉवेल वेगवेगळे आटतात आणि कड चुणते. आणि ७०० जीएसएमचा जाडजूड नको. दुकानात हाताला छान लागतो, कोकणात जुलैमध्ये तीन दिवस वाळत नाही.

आता हिशोब. मोठा टॉवेल अठरा रुपये, हात पुसायचा सहा, चादर बावीस. टेम्पो गुहागरला आठवड्यातून दोनदा येतो, फेरीचे दोनशे वेगळे. हंगामात मला खोलीमागे एका मुक्कामाला नुसत्या मोठ्या टॉवेलांचे चाळीस-पंचेचाळीस रुपये पडतात. बायकोला घरीच धुवायला लावून ‘फुकटात होतं’ म्हणणाऱ्या पुरुषमंडळींनी पावडर, वीज, पाणी आणि बायकोचे तास मोजावेत आणि मग बोलावं.

अकरा महिन्यांनी टॉवेल कसे आहेत? पांढरे आहेत. ठाण्याच्या कुटुंबाला दाखवावेत असे पांढरे. काठ शाबूत. पाण्याचा थेंब टाकला की लगेच पितात. हळदीचे डाग पूर्ण जातात असं नाही. लग्नाचं वऱ्हाड उतरलं की दोन-तीन टॉवेल हळदीचे असतातच, सोडा लागला की कुंकवासारखे लाल होतात आणि माझ्या छातीत धस्स होतं. काकांनी सांगितलं, ते शेवटी उन्हात उडतं, आणि उडतं. आमचं दोरीवरचं ऊन त्या कामाला त्यांच्या ड्रायरपेक्षा सरस. मेंदी मात्र लाँड्रीतही जात नाही, उन्हातही नाही. मेंदीच्या कार्यक्रमाला मी आता मरून टॉवेल काढून देते.

तक्रारी. दिवाळीच्या सुट्टीत एका गाठोड्यात चार परके टॉवेल आले आणि माझे तीन गेले. काकांनी भरपाई म्हणून तीन नवे दिले, पण पातळ, लॉजमध्ये असतात तसले. पूर्वी धोबी बिब्ब्याने खूण करायचा, ती कापड फाटलं तरी जायची नाही. सासूबाईंना आमच्या घराची खूण अजून आठवते, दोन टिंबं आणि आडवी रेघ. आता लाँड्री कागदी चिठ्ठी टाचते, ती गरम पाण्यात सुटते. मी तेव्हापासून प्रत्येक टॉवेलच्या कोपऱ्याला लाल दोऱ्याचे तीन टाके घालते आणि गाठोडं टेम्पोवाल्यासमोर मोजून घेते.

दुसरी तक्रार पावसातली. जुलैत दोनदा टेम्पो आलाच नाही. एकदा आला तर टॉवेल जरासे दमट असताना प्लास्टिकमध्ये गच्च बांधलेले. सोडले तर कुबट वास. सगळे परत पाठवावे लागले. पैसे घेतले नाहीत हे खरं, पण शनिवारी पाहुणे दारात आणि कपाटात सहा टॉवेल, ही वेळ पैशाने भरून निघत नाही. प्लास्टिक बंद करून कापडी गाठोडं करा असं मी चारदा सांगितलंय, चारही वेळा ‘करतो वहिनी’. सुवासिक सॉफ्टनर मात्र दोनदा सांगितल्यावर माझ्या गाठोड्याला घालायचं थांबवलं. म्हणजे काका बाकीच्यांना घालतात! विचारलं तर म्हणाले, हॉटेलवाले वास मागतात. वासाबद्दल मला सांगितलेलं तत्त्व गिऱ्हाइकापुढे वाकतं म्हणायचं.

पावसाळ्याच्या त्या खाड्यांमुळे मी आता हात पुसायचे छोटे टॉवेल घरी धुते. त्यासाठी विहिरीचं पाणी पंपाने वरच्या टाकीत भोकं पाडलेल्या नळीतून पाडते, म्हणजे शॉवरसारखं पडताना हवा लागते. रात्रभर ठेवलं की गंज तळाशी बसतो. वरचं पाणी वाळूच्या पिंपातून काढून घेते. तळाशी पहिल्या आठवड्यात जो तांबडा चिखल निघाला तो बघून आमचे हे गप्प बसले, जे सहसा होत नाही. मग गरम पाण्यात क्षाराची पावडर आणि सोडियम परकार्बोनेट, म्हणजे ऑक्सिजनवालं ब्लीच, अर्धा तास भिजवून ठेवते. मशीनमध्ये अर्धाच भरणा. शेवटच्या पाण्यात चमचाभर सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूफूल. एक गोष्ट मात्र जपा : घरात क्लोरीनचं ब्लीच असेल तर त्याच्या जवळपासही आम्ल नेऊ नका. दोन्ही एकत्र आलं की विषारी वायू निघतो. मी ती बाटलीच घरातून काढून टाकली.

दोरीवर वाळलेला टॉवेल पापडासारखा कडक होतो याचं कारण जपानमध्ये २०२० मध्ये शोधून काढलं. सुताच्या तंतूंना चिकटून राहिलेलं थोडंसं पाणी त्यांना एकमेकांना जोडून ठेवतं, डिंकासारखं. वाळत घालताना दहा वेळा झटकायचा आणि काढतानाही झटकायचा, बराच फरक पडतो. ड्रायरचा मऊपणा येत नाही, पण सासूबाईंना खरखरीतच आवडतो. पाठ खाजते तेव्हा बरं वाटतं म्हणे. त्यांचा पंचा कुठल्याही गाठोड्यात जाता कामा नये, असा घरात सक्त नियम आहे.

कुणी जावं? दोन खोल्या असतील तर गरज नाही. पाणी नीट करा, मशीन अर्धं भरा, शेवटच्या पाण्यात लिंबूफूल घाला, भागेल. चारच्या वर खोल्या असतील आणि विहीर जांभ्यातली असेल तर जरूर जा, पहिल्याच खेपेला पाण्याची बाटली घेऊन जा. मे, दिवाळी आणि नाताळात तीन दिवस आधी फोन करा, नाहीतर गाठोडं पडून राहतं. गणपतीत त्यांची माणसं गावाला जातात, तेव्हा धरूच नका. पाचपैकी मी साडेतीन देईन, कापडी गाठोडं आलं की चार.

ते चार परके टॉवेल अजून माझ्याच कपाटात आहेत. चांगले जाड आहेत, कुणा तालेवार हॉटेलचे असावेत. काका दर खेपेला आठवण करतात आणि मी दर खेपेला टेम्पोत टाकायला विसरते. माझे तीन परत आले की आठवेल.